खायाचें नव्हे

तंजावूरच्या बाजारात अळूचे कंद मिळतात, पानं मिळत नाहीत. इथले लोक कंद उकडून, तळून आवडीने खातात आणि पानं बांधावर टाकून देतात. त्यामुळे राजवाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी घरांनी आपापल्या कोल्लैत, म्हणजे परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू लावलेलं असे. बाकी सण कसेही निभावतील, पण श्राद्धाला अळूची भाजी लागतेच. एका घरचं संपलं तर दुसऱ्या घरी जाऊन मागायचं, आणि देणाऱ्याने कुणाची तिथी आहे एवढंच विचारायचं, अशी रीत होती.

माझ्या सासूबाईंचं अळू काळ्या देठाचं होतं. त्या गेल्या त्याच वर्षी गल्लीत नवीन गटार आलं, आणि माझ्या नवऱ्याने आणि दिराने मिळून कोल्लै सिमेंटची करून घेतली. डास कमी झाले, पाय घसरायचे थांबले, सगळे खूश. अळूची आठवण कुणालाच झाली नाही. मलाही झाली नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी दुसऱ्यांना बरंच काही बोलणार आहे. मला आठवण झाली ती सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला चार दिवस उरले तेव्हा.

मी याच गावातली, तीन गल्ल्या पलीकडची. शाळेत हिंदी शिकवते. देवनागरी अक्षर शिकले ते हिंदीच्या परीक्षांसाठी. त्या अक्षरांच्या जोरावर पुढे मराठी वाचायला लागले आणि त्याचा मला फार गर्व झाला. आमच्या गल्लीत मराठी बोलणारे खूप, वाचणारी मी एकटी. माझा स्वभाव तापट आहे. शाळेत तो चालून जातो, घरात चालतो असं मी धरून चालले होते.

माझी धाकटी जाऊ पापनाशमजवळच्या एका खेड्यातली, तमिळ घरातली. दिराने पसंत केलेली. ती आमच्या घरात आली तेव्हा तिला मराठीचं अक्षर येत नव्हतं. सासूबाईंचा नियम एकच होता, उंबऱ्याच्या आत मराठी. बाहेर जे बोलायचं ते बोला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सबंध आयुष्य तमिळ लोकांमध्ये नोकरी करून आले, पण चप्पल काढली की मराठी. जावेने तो नियम मुकाट्याने उचलला. सासूबाईंच्या शेजारी भाजी निवडत बसायची आणि एकेक वस्तू हातात धरून नाव विचारायची. दोन वर्षांत ती बोलायला लागली. सासूबाईंचीच जुनी मराठी, आणि वर तमिळचा हेल. ‘मी आला’, ‘दूध सांडली’ असं काहीतरी बोलायची. सासूबाई न हसता सुधारून सांगत. मी हसायचे. पाहुण्यांसमोर तिची नक्कलही करायचे, आणि ती बिचारी आपणही हसायची.

माझ्या स्वतःच्या दोन्ही मुलांना मराठी सगळी समजते, पण उत्तर तमिळमध्येच येतं. त्यांचा नाद सासूबाईंनी केव्हाच सोडला होता. त्यांचा जीव गुंतला होता तो या धाकट्या सुनेत. शेवटच्या आजारात एकदा मी त्यांचे पाय चेपत होते तेव्हा त्या म्हणाल्या, “तिला बोलती ठेव. मी गेल्यावर ती कोणासंगें बोलेल?” त्यांनी माझ्याकडे आयुष्यात मागितलेली ही एकच गोष्ट. मी हो म्हटलं.

तर अळू. चार दिवसांत मी तीन घरं पालथी घातली. एक घर फ्लॅटमध्ये गेलेलं, एक मुलाकडे चेन्नईला, तिसऱ्या घरच्या अळूला कीड. आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊ म्हणाली, “अक्का, अम्माला फोन करूं? आमच्या गांवांत कालव्याकडे पुष्कळ अहे. सकाळच्या बसवर देईल.”

मी म्हटलं, “राहू दे. तुमच्याकडे पानं खातात तरी का कोणी? कालव्याकाठचं रान उपटून पाठवतील आणि श्राद्धाच्या दिवशी ताप नको.”

तिने हातातला फोन खाली ठेवला.

आता तिच्या कुंडीबद्दल सांगायला हवं. आमच्या दारात, पायऱ्यांच्या बाजूला, तिने एक शोभेचं झाड ठेवलं होतं. पापनाशमच्या रस्त्यावर एक नर्सरी आहे, तिथून माहेराहून येताना मांडीवर घेऊन बसमधून आणलेलं. पान हातभर लांब, तुकतुकीत, शिरा फिकट, आणि देठ जांभळट काळा. दर रविवारी ती ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. मी येता-जाता म्हणायचे, “आम्ही असली पानं चिरून खातो, ही बघा त्यांना पावडर लावून बसवते!” सासूबाई असत्या तर त्यांनी ते झाड लांबून ओळखलं असतं. अळूच्या पानाला देठ आतल्या बाजूला, जवळजवळ मध्यावर लागलेला असतो. याचा देठ पानाच्या खाचेतच लागला होता. अळूच्या पानावर पाणी मोत्यासारखं घरंगळतं, याच्यावर ते पसरून चिकटायचं. हे सगळं मला आज माहीत आहे. मी अळू जन्मभर खाल्लं होतं, उपटलं मात्र कधीच नव्हतं. ते काम आधी माझ्या आईचं आणि मग सासूबाईंचं.

श्राद्धाच्या सकाळी मी न्हाऊन, ओलं नेसून, विळा घेऊन दारात गेले आणि त्या झाडाची पाच मोठी पानं देठासकट कापली. मधला एक कोंब तेवढा ठेवला. मनात म्हटलं, सासूबाईंनी सोय करून ठेवली आहे. खरंच असं म्हटलं.

परत वळले तर जाऊ दारात उभी. केळीची पानं पुसत होती, ते फडकं तिच्या हातात तसंच होतं. तिने कुंडीकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, आणि भराभर तमिळमध्ये बोलायला लागली. नर्सरीवाला काहीतरी म्हणाला, कुणाचं तरी मूल, एवढंच माझ्या कानावर पडलं. मी हात वर करून तिला थांबवलं. वर्गात थांबवते तसंच.

“आज तरी मराठीत. आज त्यांचा दिवस आहे.”

ती थांबली. तिचे ओठ हलले, शब्द शोधत होती ते दिसत होतं. मग म्हणाली, “अक्का, तें खायाचें नव्हे.”

“का नव्हे?”

“तोंड...” तिने गळ्याला हात लावला. “तोंड... गळा...”

“खाजतं? अगं, अळू खाजतंच! चिंच कशाला घालतात मग?”

“अक्का, तें खायाचें नव्हे.”

मला वाटलं, हिला कुंडीचं वाईट वाटतंय. सासूच्या श्राद्धापेक्षा हिला पाच पानं जड झाली. मी तसं बोलूनही दाखवलं. ती पायरीवर एक पाऊल खाली उतरली आणि तिसऱ्यांदा तेच म्हणाली, अगदी हळू. मी आत निघून गेले.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी एकटीच होते. सासूबाई गेल्यावर पहिलंच श्राद्ध, सोवळ्याचा स्वयंपाक, आणि जाऊ तमिळ घरातून आलेली. तिला मी बाहेरची कामं वाटून दिली होती. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी तर शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या सासूच्या तिथीला तिला शेजारी बसवून वडे थापायला लावले होते. मी माझ्या अकलेने त्यांच्यापेक्षा कडक झाले.

पानं चिरली, हरभऱ्याची डाळ घातली, खोबऱ्याचे काप, चिंच दुप्पट. चिरताना हाताला खाज सुटली, तिचंही मला नवल वाटलं नाही. श्राद्धाच्या स्वयंपाकाची चव घ्यायची नसते. मीठसुद्धा अंदाजाने घालायचं. पितरांच्या आधी कुणाच्या जिभेला अन्न लागता कामा नये. म्हणून ती भाजी शिजून, घोटून, फोडणी देऊन तयार झाली आणि मला कशाचाही पत्ता नव्हता.

बाहेर दोन ब्राह्मण बसले होते, दोघेही सत्तरी ओलांडलेले, आमच्याच गल्लीतले. त्यांच्या समोर माझा नवरा, बाजूला मामंजी. पानं मांडून झाली. वाढायच्या आधी मी हात-पाय धुवायला मागे गेले. पाच मिनिटंही लागली नसतील. परत आले तर चुलीजवळ जाऊ उभी. एका हातात भाजीची पळी, आणि ती काहीतरी चावत होती.

माझ्या अंगातून आग निघाली. मी आवाज खाली ठेवला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून, पण जे बोलले ते खाली ठेवण्यासारखं नव्हतं. “उष्टं केलंस? त्यांच्या श्राद्धाचं अन्न उष्टं केलंस? तुमच्यात चालत असेल हे. या घरात नाही चालत.”

तिने माझ्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. खोकल्यासारखा एक घरघराट आला. खालचा ओठ माझ्या डोळ्यांदेखत जाड व्हायला लागला होता, आणि तोंडातून लाळ गळत होती, तिला ती आवरता येत नव्हती. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. तरी तिने पळी खाली ठेवली, पदराने पातेलं धरलं, उचललं, आणि मला बाजूला सारून मागच्या दाराने नेऊन सगळं गटाराच्या जाळीवर ओतलं. मग तिथेच सिमेंटवर बसली.

पळीला लागलेली भाजी मी बोटाने जिभेच्या टोकाला लावली. पहिल्यांदा काहीच नाही. मग सुया. एकाच वेळी शेकडो सुया, आणि त्या आत आत शिरत होत्या. मी नुसती बोटभर लावली होती. तिने घास चावून गिळला होता, कारण तिला खात्री करून घ्यायची होती.

दीर तिला रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेला. मी गेले नाही. ब्राह्मण पानावर बसले होते, श्राद्ध अर्ध्यात सोडता येत नाही. मी वाढत राहिले. वडे वाढले, खीर वाढली, कारल्याची भाजी वाढली. एका आजोबांनी पानाकडे पाहून विचारलं, “अळू?” नवरा म्हणाला, “यंदां मिळालें नाहीं.” त्यांनी मान हलवली आणि जेवले. त्यांच्या गळ्याकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं. म्हातारा, बारीक गळा, घास खाली उतरताना दिसायचा. खीर दोनदा पानाबाहेर गेली. त्या वेळी मी देवाचं नाव घेतलं नाही, सासूबाईंचंही घेतलं नाही. जावेचंच घेत होते.

सगळे गेल्यावर मामंजींनी विचारलं, “धाकटी कोठें?”

मी सांगितलं. काही लपवलं नाही. झाड, पानं, पळी, सगळं. तोंड खाली घालून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“तिणें तुला सांगितलें नाहीं काय?”

“सांगितलं,” मी म्हटलं. “तीनदा.”

ते उठले, कुंडीकडे गेले आणि तो उरलेला कोंब बराच वेळ बघत उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

दवाखान्यात तिला सुई दिली, बर्फ चघळायला दिला, एक रात्र ठेवून घेतलं. डॉक्टर म्हणाले, घसा अजून सुजला असता तर श्वासाची पंचाईत होती. म्हाताऱ्या माणसाने वाटीभर खाल्लं असतं तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. ती घरी आली ती ओठ फाटलेले, जीभ जाड, गार दुधावर. दहा-बारा दिवस ती पाटीवर लिहून बोलत होती, तमिळमध्ये. मी तिला ताक द्यायचे, पेज गाळून द्यायचे, केस विंचरून द्यायचे. ती नको म्हणायची नाही. मी तिच्यासमोर बसून एकदा रडलेही, मराठीत माफी मागितली, जेवढे शब्द येत होते तेवढे सगळे वापरले. तिने माझ्या हातावर हात ठेवला.

आवाज परत आला तेव्हा पहिलं वाक्य ती मामंजींशी बोलली, कॉफी हवी का म्हणून. तमिळमध्ये. मला वाटलं, जीभ अजून दुखत असेल. आठवडा गेला. महिना गेला. आवाज पूर्वीसारखा झाला, शेजारणींशी पूर्वीसारखी हसायला लागली, दिराशी भांडायलाही लागली. सगळं तमिळमध्ये. मी मराठीत बोलायचे, ती सगळं समजून तमिळमध्ये उत्तर द्यायची. माझ्या मुलांसारखीच.

एक दिवस कपडे वाळत घालताना मी विचारलंच. माझ्यावर राग आहे का? म्हणून बोलत नाहीस का?

तिने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. म्हणाली, आणि तिचं तमिळ मी इथे माझ्या मराठीत लिहिते आहे, “राग नाही, अक्का. त्या सकाळी माझ्याकडे सगळं होतं. नर्सरीवाल्याने काय सांगितलं होतं, कुणाच्या मुलाने ते पान चावलं, त्याची जीभ कशी सुजली, सगळं. ते तमिळमध्ये होतं. मराठीत माझ्याकडे तीन शब्द होते. मी तुमचं ऐकलं, तीन शब्दांत बोलले, आणि त्या तीन शब्दांनी मामंजी मेले असते. आता मराठी बोलायला गेलं की भीती वाटते. मला आणखी काही सांगायचं असेल आणि ते राहून जाईल.”

मी मुलांना भाषा शिकवते. भाषा येणं म्हणजे काय, हे पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे. चादर दोघींनी मिळून पिळली, वाळत घातली, आणि त्या दिवसापासून मी तिच्याशी घरात तमिळ बोलायला लागले. माफीही परत मागितली, या वेळी तिच्या भाषेत. ती म्हणाली, “परवाइल्लक्का.” असू दे.

यंदा सासूबाईंच्या तिथीला तिच्या अम्माने पहाटेच्या बसवर कालव्याकाठचं अळू पाठवलं. केळीच्या पानात गुंडाळून, वर ओलं फडकं. जाऊ माझ्या शेजारी सोवळ्यात बसली. तिने एकेक पान उलटं करून देठ कुठे लागला आहे ते मला दाखवलं, मग चिरलं. चिंच किती, ते तिनेच सांगितलं. चव घ्यायची नाही हा नियम आम्ही पाळला. पाळताना मला घाम फुटला होता, तिला नाही.

बाहेर पानं मांडली गेली. मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, “झालें का गे?”

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तमिळमध्ये म्हणाली, झालं मामा, आणतेच.

ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांना काहीतरी मराठीत म्हणायचं होतं. मला ते दिसलं, कारण तसंच शब्द शोधणारं तोंड मी वर्षापूर्वी दारात पाहिलं होतं आणि त्याला थांबवलं होतं. मग मामंजी तिला तमिळमध्ये म्हणाले, सावकाश आण बाळ, कढत आहे, हात भाजेल. चप्पल काढलेली, उंबऱ्याच्या आत, सासूबाईंच्या श्राद्धाच्या दिवशी. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून घरात तमिळ मी पहिल्यांदा ऐकलं.

तिला बरं वाटलं असावं. ती हसली आणि पातेलं उचलून त्यांच्या मागोमाग गेली. मी चुलीपाशी उभी होते. सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे ती बोलत होती, सगळ्यांशी, पूर्ण वाक्यांत. फक्त त्यातलं एकही वाक्य त्यांना त्यांच्या भाषेत ऐकू येणार नव्हतं, आणि ते माझ्यामुळे.